लेकराची परीक्षा : पडद्यापुढे की माणसापुढे?

"डोकं चांगलं आहे हो याचं, पण ध्यान नाही." शाळेच्या ओट्यावर गुरुजींच्या तोंडून हे वाक्य तुम्ही ऐकलेच असेल. गुरुजींनी नाही म्हटले तर घरात आजी म्हणते. विहिरीवरची मोटार बंद करून ये म्हणून धाडावे, तर लेकरू वाटेत चिमणीच्या घरट्यापाशी रमते आणि मोटार तशीच चालू राहते. वहीतले गणित अर्ध्यावर सुटते, पेन्सिल आठवड्याला एक हरवते, जेवताना चार वेळा ताटावरून उठणे होते. आपल्याकडे अशा पोराला वांड म्हणतात. पोरगी असेल आणि वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर बघत असेल, तर तिला कोणी काहीच म्हणत नाही. ती नुसती मागे पडत जाते.

आणि मग बाप हटकून विचारतो, "ध्यान नाही म्हणता, मग मोबाईलवर दोन-दोन तास कसा बसतो?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, मोबाईलवरचा खेळ पोराचे ध्यान स्वतःच धरून ठेवतो. दर क्षणाला नवा रंग, नवा आवाज, जिंकले की लगेच बक्षीस. वर्गात मात्र ध्यान पोराला स्वतःहून धरावे लागते आणि बक्षीस मिळते ते वार्षिक परीक्षेनंतर. ज्या मुलांची अडचण खरोखरच ध्यानाची असते, त्यांना पहिली गोष्ट जमते आणि दुसरी जमत नाही. तेव्हा मोबाईलवर बसतो म्हणून त्याला काही झालेले नाही, असे धरून चालू नका. उलट, मोबाईलमुळेच हे झाले असेही एकदम म्हणू नका.

डॉक्टर लोक या अडचणीला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असे म्हणता येईल. जगभरच्या मुलांत शंभरात साधारण पाच जणांना ती असते, असा अंदाज आहे. ती ठरवताना जाणकार काही गोष्टी पाहतात. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली हवीत, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली हवीत, आणि ती एकाच जागी नव्हे तर घरी आणि शाळेत अशी दोन्हीकडे दिसायला हवीत. शिवाय त्यापायी मुलाचे खरेच काही अडत असले पाहिजे. नुसते खोडकर असणे हा आजार नाही. आणि हा दोष आईच्या लाडाचा नाही, बापाच्या धाकाच्या अभावाचा नाही, की कोणाच्या नजरेचाही नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत अशा मुलांची तपासणी संगणकावर होते. पंधरा-वीस मिनिटे लेकरू पडद्यासमोर बसते आणि लगेच रंगीत आलेखाचा कागद हाती पडतो. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवरून सोयाबीनचे पोते विकून, एस.टी.ने धक्के खात आलेल्या आईबापांना तो कागद कोर्टाच्या निकालासारखा वाटतो. दुसरीकडे, दीड-दोन तास लेकराशी बोलत, ठोकळे मांडत बसणारा मानसतज्ज्ञ पाहिला की वाटते, हे काय, हा तर खेळच चालला आहे! पण खरी गोष्ट एवढी सोपी नाही. कोणत्या कागदावर किती विसंबायचे, हे समजून घेतलेले बरे, कारण त्या कागदावरून पोराला शाळेतून काढण्याचे, गोळ्या सुरू करण्याचे, नाही तर "याला काही झालं नाही, फोडून काढा" असे म्हणण्याचे निर्णय होतात.

धारवाड आणि नागपूरची मंडळी

समोरासमोर बसून बुद्धीची परीक्षा घेण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समध्ये शाळेत मागे पडणारी मुले कोणती, हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता नीट पारखता यावे म्हणून आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली पहिली चाचणी तयार केली. एका वेळी एकच मूल, शांत खोली आणि मुलाशी गोडीने वागणे, हा त्यांचा दंडक होता.

ती परीक्षा आपल्या भाषेत आणण्याचे काम धारवाडला झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथील डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीतले प्रश्न इथल्या मुलांवर पारखून, बदलून, मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत बसवले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली निघाले. 'बिने-कामत चाचणी' हे नाव आजही दवाखान्यांतल्या कागदांवर तुम्हाला दिसेल. पुढे नागपूरला ए. जे. मॅलिन यांनी वेक्सलर या अमेरिकन शास्त्रज्ञाची मुलांसाठीची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. ती १९६९ सालची असून सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. उत्तर प्रदेशात सी. एम. भाटिया यांनी त्याआधीच, १९५५ साली, शाळा न शिकलेल्या मुलांनाही देता येईल अशी परीक्षा काढली होती. तिच्यात रंगीत ठोकळे जुळवायचे असतात, तुकड्यांतून चित्र पुरे करायचे असते. लिहिता-वाचता येण्यावाचून तिचे अडत नाही.

या परीक्षा होतात कशा? परीक्षक काही आकडे म्हणतो आणि मुलाने ते तसेच म्हणायचे, मग उलट क्रमाने म्हणायचे. एखादे वाक्य सांगून त्यात वेड्यासारखे काय आहे, ते विचारायचे. ठोकळ्यांची नक्षी करायला द्यायची. ध्यानासाठी आणखी एक साधी परीक्षा असते. आकड्यांनी भरलेला कागद द्यायचा आणि सांगितलेले आकडे तेवढे खोडायला लावायचे. पेन्सिल आणि कागद, बस.

आता पाहा. नऊ वर्षांचे एक पोर आकडे उलट म्हणताना चुकले. संगणकही ती चूक नोंदवील आणि माणूसही. पण माणसाला आणखी काही दिसते. पोराने प्रश्न ऐकलाच नाही, कारण बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला, की ऐकून विसरले, की येत असून भीतीने बोलले नाही, की प्रश्नातला शब्दच त्याला कळला नाही? चांगला परीक्षक तेथे थांबतो, पोराला पाणी पाजतो, दोन गोष्टी विचारतो आणि मग पुढे जातो. आपल्या अहवालात तो लिहितो की, पहिली वीस मिनिटे मन लावून केले, नंतर खुर्चीत टिकेना, शाबासकी दिली की पुन्हा सावरले. माझ्या मते अहवालातल्या आकड्याइतकीच ही चार वाक्ये मोलाची असतात. दुर्दैवाने आईबाप आकडाच तेवढा बघतात आणि बुद्ध्यंक किती, म्हणून शेजारच्याला सांगतात.

माणसाची परीक्षा निर्दोष असते असे नव्हे. परीक्षक घाईत असतो, दमलेला असतो. एखाद्या गोड पोराला नकळत सूचना देतो, तर एखाद्या वांडावर वैतागतो. दोन परीक्षकांचे गुण नेहमी जुळतीलच असेही नाही. दुसरी अडचण जुनाटपणाची. कामतांच्या चाचणीचा पाया १९३०च्या दशकातल्या मुलांवर घातलेला आहे आणि मॅलिन यांचाही पन्नास वर्षांहून अधिक जुना. तेव्हाचे पोर आणि आजचे पोर यांनी पाहिलेल्या वस्तू एक नव्हेत. म्हणून त्यातला आकडा जाणकारानेच तोलून वाचायचा असतो.

यंत्र काय मोजते

संगणकावरच्या ध्यानाच्या परीक्षेचा उगमही तसा जुना आहे. १९५६ साली अमेरिकेत रॉसव्होल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी एक युक्ती काढली. एकामागून एक अक्षरे दाखवायची आणि इंग्रजी एक्स हे अक्षर आले की बटण दाबायला सांगायचे. आज जी चाचणी पुष्कळ ठिकाणी चालते तिच्यात उलटे करायचे असते. प्रत्येक अक्षराला बटण दाबायचे, एक्स आले की मात्र हात आवरायचा. चौदा मिनिटांत ३६० अक्षरे येतात. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण आठव्या-दहाव्या मिनिटाला मोठ्या माणसालाही जांभई येते. त्या कंटाळ्यातच तिची सारी मेख आहे.

यंत्र यातून काय टिपते? दाबायचे असताना किती वेळा दाबले नाही, म्हणजे ध्यान किती वेळा सुटले. दाबायचे नसताना किती वेळा दाबले, म्हणजे हात किती आवरला नाही. आणि प्रत्येक वेळी बटण दाबायला किती वेळ लागला, तो वेळ सारखा राहिला की कधी झटपट, कधी उशिरा असा हेलकावत गेला. सेकंदाच्या छोट्या तुकड्यांचा हा हिशेब माणसाच्या डोळ्याला आणि हातातल्या घड्याळाला शक्य नाही. दुसऱ्या एका चाचणीत पोराच्या कपाळाला पट्टी बांधतात आणि पट्टीवरच्या चमकत्या ठिपक्यावर कॅमेरा नजर ठेवतो. डोके किती हलले तेही मग मोजले जाते. यंत्र दमत नाही, रागावत नाही, कोणाची जात-पात, कपडे बघत नाही. एवढा त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे. औषध सुरू केल्यावर फरक पडला की नाही, हे पाहायलाही त्याचा उपयोग होतो.

पण यंत्राला 'काय झाले' एवढेच कळते, 'का झाले' ते कळत नाही. रात्री झोप न झालेले पोर त्या पडद्यासमोर चुकेल. डोळ्याचा नंबर वाढलेले चुकेल. कान वाहत असल्यामुळे कमी ऐकू येणारे पोर सूचनाच नीट ऐकणार नाही. रक्त कमी असलेले लवकर थकेल. काही मुलांना फेफऱ्याचा एक सौम्य प्रकार असतो. त्यात ती पडत नाहीत, झटके येत नाहीत, फक्त काही सेकंद नजर शून्यात लागते. घरी त्याला तंद्री म्हणतात आणि यंत्रावर ते ध्यान सुटल्यासारखे दिसते. घरात रोज भांडण, मारहाण चालू असेल तरी पोराचे चित्त ठिकाणावर नसते. हे सारे एकाच आलेखात मिसळून जाते. उलटही घडते. खरी अडचण असलेले कित्येक मूल त्या पंधरा मिनिटांपुरते नेट लावते, नवे यंत्र पाहून हरखते आणि परीक्षा छान देते. म्हणून नुसत्या संगणकाच्या चाचणीवरून एडीएचडी आहे किंवा नाही असे ठरवू नये, याबद्दल जाणकारांत फारसा मतभेद नाही. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी शिफारशी करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२४ साली सहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी कॅमेऱ्याच्या त्या चाचणीला मान्यता दिली, तीही जाणकाराच्या नेहमीच्या तपासणीच्या जोडीला म्हणून दिली, तिच्या जागी नव्हे.

खोलीत कोण बसले होते?

या विषयातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. तेथील संशोधकांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अतिचंचल मुलांना ध्यानाची परीक्षा दोन प्रकारे दिली, एकदा परीक्षक खोलीत हजर असताना आणि एकदा नसताना. परीक्षक उठून गेला की या मुलांची कामगिरी घसरली. म्हणजे येत नाही असे नव्हते. कोणी जवळ असले की जमत होते, एकटे पडले की सुटत होते.

तुम्हाला यात नवल वाटणार नाही. शेजारी आई बसली की अभ्यास होतो आणि ती भाकरी थापायला उठली की पोर वहीवर चित्रे काढते, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे. पण परीक्षेच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. माणसासमोरची परीक्षा ही मुलाच्या ध्यानाला टेकू देऊनच घेतलेली असते. त्यामुळे तीत पोर चांगले दिसते आणि वर्गात साठ जणांत मागच्या बाकावर तेच पोर हरवते. पडद्यासमोर एकटे बसवले तर वर्गातल्या हालाची थोडी कल्पना येते, पण टेकू दिल्यावर ते किती करू शकते हे दिसत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. दोन कागदांत फरक आला तर एक खोटा म्हणून फाडू नका. तो फरकच जाणकाराला दाखवा. टेकूने फरक पडतो असे दिसले, तर पोराला पहिल्या बाकावर बसवणे, काम लहान-लहान तुकड्यांत देणे, मध्ये एकदा पाठीवर हात ठेवणे, हे उपाय गुरुजींना आजच्या आज करता येतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

सगळ्याच मुलांना माणूस जवळ हवा असतो, असेही नाही. स्वमग्न मुलांना, ज्यांना ऑटिझम असतो त्यांना, अनोळखी माणसाच्या नजरेचाच त्रास होतो. पत्ते लावण्याची एक प्रसिद्ध परीक्षा आहे. ती माणसाऐवजी संगणकाने घेतली तेव्हा अशा मुलांना ती अधिक चांगली जमली, असे अमेरिकेत १९९५ साली दिसून आले होते. मूल कोणते, त्यावर सारे आहे.

आपल्या देशात या दोन रीतींची सांगड घालण्याचा एक प्रयत्न गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेच्या मंडळींनी केला. त्यांनी टॅबलेटवर खेळासारखी एक चाचणी तयार केली आणि हरियाणातल्या खेड्यांत तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना ती त्यांच्या घरी जाऊन दिली. देणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. मग त्यांतल्या काही मुलांची समोरासमोरची नावाजलेली चाचणीही घेऊन दोन्हींचा मेळ बसतो का, ते ताडून पाहिले. ही चाचणी एडीएचडीसाठी नव्हती, बुद्धीच्या एकंदर वाढीसाठी होती. पण टॅबलेट एकीकडे ठेवून कार्यकर्ता निघून गेला नाही, तो लेकराच्या शेजारी बसून राहिला. खेड्यासाठी हीच वाट मला खरी वाटते.

आपल्या जिल्ह्यात

जालन्याकडच्या पोराची परीक्षा घेताना आणखी दोन-तीन गोष्टी आड येतात. पहिली भाषेची. आपले पोर 'का' म्हणत नाही, 'काहून' म्हणते. तांड्यावरचे लेकरू घरी गोरमाटी बोलते, काही घरांत उर्दू चालते. पुस्तकी मराठीतला प्रश्न कळला नाही आणि पोर गप्प राहिले, तर ती गप्पाई बुद्धीच्या खात्यात मांडली जाऊ नये. घरची भाषा कोणती, हे परीक्षकाला आधीच सांगा. दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यावर जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या मुलांचे शाळेचे महिनेच्या महिने बुडतात. त्यांना वाचता येत नाही याचे कारण ध्यानात शोधण्याआधी हजेरीपटात शोधावे. अशा मुलांना ठोकळ्यांसारख्या, अक्षरावाचूनच्या परीक्षा द्यायला लावणे न्यायाचे ठरते. आणि ज्या घरात संगणकाला कोणी हात लावलेला नाही, तेथल्या पोराला खऱ्या परीक्षेआधी बटण दाबण्याचा सराव पुरेसा द्या, असे केंद्रात बिनदिक्कत सांगावे.

जायचे कोठे? प्रथम लांब जाऊ नका. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' ही योजना २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाली. तिचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला येते. ज्या दोषांची नोंद पथकाने करायची त्यांच्या यादीत ध्यानाची अडचण आणि शिकण्यातली अडचण या दोन्ही आहेत, पण वजन-उंची, दात-डोळे पाहण्याच्या घाईत त्या मागे राहतात. म्हणून पथक येण्याआधीच मुख्याध्यापकांकडे पोराचे नाव देऊन ठेवा आणि त्या दिवशी आईने शेतावर न जाता शाळेत हजर राहावे. पथकाकडून जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळते. तेथून पुढे लागलेच तर छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे, तेथे मनोविकार विभाग आहे. घरबसल्या सल्ला हवा असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारची फुकट सेवा २०२२ पासून चालू आहे.

तपासणीला जाताना पोराच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या पिशवीत घाला. गुरुजींकडून चार ओळी लिहून घ्या, कारण शाळेतले वागणे डॉक्टरला तुमच्या तोंडून कळणार नाही. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. आदल्या रात्री झोप झालेली असावी, पोट भरलेले असावे. पहाटेची एस.टी. धरून, उपाशीपोटी, गाडी लागून ओकत आलेल्या पोराची ध्यानाची परीक्षा घेणे म्हणजे नांगर ओढून आलेल्या बैलाला शर्यतीत पळवणे आहे. परीक्षा झाली की विचारा : चाचणीचे नाव काय, ती कोणत्या मुलांशी ताडून बघितली, भारतातल्या की परदेशातल्या, आणि चाचणी चालू असताना खोलीत कोण होते? नुसता आलेख हातात देऊन कोणी महिन्याची औषधे लिहून देत असेल, मुलाशी किंवा तुमच्याशी पंधरा मिनिटेही बोलला नसेल, तर औषध घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. या दुखण्यावर गुणकारी औषधे आहेत, त्यांना उगाच भिऊ नये. पण ती तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात आणि सहा वर्षांखालील मुलांत आधी आईबापांना वळण लावण्याच्या रीती शिकवतात.

प्रमाणपत्राची बाब निराळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातली विशिष्ट अक्षमता, म्हणजे बुद्धी असून वाचन, लेखन, गणित न जमणे, ही धरलेली आहे. नुसत्या ध्यानाच्या अडचणीचे मात्र त्या यादीत वेगळे नाव नाही. पुष्कळ मुलांना दोन्ही असतात, म्हणून दोन्हींची तपासणी करून घ्यावी. या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत बंगळूरच्या निमहान्स संस्थेची चाचणी सांगितली होती. ती माणसाने समोर बसून घ्यायची असते आणि आकडे खोडण्याचा तो पेन्सिल-कागदाचा भाग तिच्यातही आहे. तेथे खासगी केंद्रातला रंगीत आलेख चालत नाही. पोर आठ वर्षांचे किंवा तिसरीत गेले की ही तपासणी करता येते. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागायचा असेल तर नववीची वाट पाहू नका, कारण तारखा मिळण्यात महिने जातात. अहवालाची एक झेरॉक्स मुख्याध्यापकांना द्या, मूळ प्रत सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा, आणि पुढे पुन्हा तपासणी करायची झाली तर तो जुना कागद न विसरता सोबत न्या.